निसव्यापासूनची मोजणी

नागभीडहून मूलमार्गे चंद्रपूरला जाणाऱ्या लोहमार्गावर सिंदेवाही हे तालुक्याचे गाव लागते. जुने मालगुजारी तलाव, त्यांच्या खालच्या अंगाला उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या आणि बांध्या संपताच सुरू होणारे साग-मोहाचे जंगल, अशी या मुलखाची ठेवण आहे. कृषी विद्यापीठाच्या येथील संशोधन केंद्रात धानाच्या वाणांवर वर्षानुवर्षे काम चालत आले आहे. परंतु धानाच्या आयुष्यातील ज्या एका नियमाचा येथे उल्लेख करावयाचा आहे, तो समजण्यासाठी त्या केंद्राच्या फाटकातून आत जाण्याचेही कारण नाही, कारण तो बांधावर उभ्या असलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असतो. हलका धान ११० ते १२० दिवसांत हाती येतो आणि भारी धान १४० दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ शेतात उभा राहतो. पण एकदा लोंबी बाहेर पडली, म्हणजे धान निसवला, की तेथून दाणा पक्व होण्यास हलक्याला काय अन् भारीला काय, सुमारे एक महिनाच लागतो. सारा फरक असतो तो निसव्याच्या आधीच्या काळात. म्हणूनच, कापणी केव्हा असे विचारले असता जाणता शेतकरी पऱ्हे टाकल्याच्या, म्हणजे रोपांसाठी बी पेरल्याच्या, तारखेवरून हिशोब न मांडता, प्रथम धान निसवला की नाही हे पाहतो.

स्त्रीच्या मासिक चक्राची घडण याच धर्तीची आहे, आणि ज्या स्त्रीची पाळी कधीच वेळेवर येत नाही तिने स्वतःच्या गर्भारपणाची चाहूल कशी ओळखावी, या प्रश्नाचे बहुतेक उत्तर या साम्यातच सापडते.

चक्राचे दोन खंड

पाळीच्या पहिल्या दिवसापासून स्त्रीबीज बीजकोशाबाहेर पडेपर्यंतचा काळ हा चक्राचा पूर्वार्ध आणि तेथून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ हा उत्तरार्ध. उत्तरार्ध बहुतेक स्त्रियांत चौदा दिवसांच्या आसपास असतो. कारण बीज सुटून गेल्यावर मागे राहिलेले त्याचे पुटक पीतपिंड बनून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवते, आणि त्या पीतपिंडाचे आयुष्यच तेवढे असते. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड मावळतो आणि पाळी येते. पूर्वार्धाला मात्र अशी मुदत नाही. तो बारा दिवसांचा असेल, वीस दिवसांचा असेल, किंवा पन्नास दिवसांचाही असू शकेल. पाळी ‘लांबली’ असे आपण म्हणतो तेव्हा, गर्भ राहिलेला नसल्यास, वस्तुतः बीज उशिरा सुटलेले असते किंवा सुटलेलेच नसते.

दवाखान्यांत ज्याला सर्रास ‘पीसीओडी’ म्हणतात आणि घराघरांत ‘पिशवीत पाण्याच्या गाठी आहेत’ अशा शब्दांत ज्याचे वर्णन होते, त्या विकारात नेमका हा पूर्वार्ध बिघडतो. त्या गाठी खऱ्या अर्थाने गाठी नव्हेत, आणि त्या पिशवीत, म्हणजे गर्भाशयात, तर मुळीच नसतात. बीजकोशात वाढू लागून अर्ध्यावर थबकलेली ती बारीक पुटके असतात, साधारणतः दोन ते नऊ मिलिमीटर आकाराची. शरीरातील इन्सुलिनचे आधिक्य, बीजकोशातून अधिक प्रमाणात होणारा पुरुषी संप्रेरकांचा स्राव आणि मेंदूखालील ग्रंथीकडून येणाऱ्या संप्रेरकांचा बिघडलेला मेळ, यांमुळे एकही पुटक पुरते पिकत नाही आणि बीज सुटण्याचा दिवस पुढे पुढे ढकलला जातो. १७२१ मध्ये आंतोनिओ व्हालिस्नेरी या इटालियन वैद्याने एका विवाहित, काहीशा स्थूल, मूल न झालेल्या तरुण शेतकरी स्त्रीचे बीजकोश पाहून ते कबुतराच्या अंड्यांएवढे, पांढुरके आणि चकाकणारे असल्याचे नमूद करून ठेवले. म्हणजे या विकाराची दप्तरातील पहिली नोंदही एका शेतकरणीचीच आहे. पुढे १९३५ मध्ये शिकागोच्या अर्व्हिंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. बीजकोशाचा पाचरीच्या आकाराचा तुकडा शस्त्रक्रियेने काढल्यानंतर त्या साऱ्यांची पाळी सुरळीत झाली आणि त्यांपैकी दोघींना गर्भही राहिला. आज ती शस्त्रक्रिया मागे पडून बीज सोडवणाऱ्या गोळ्या आल्या आहेत, परंतु त्या जुन्या निबंधातील एक गोष्ट अजूनही अनेकींपर्यंत पोहोचलेली नाही, ती ही की हा विकार म्हणजे वंध्यत्व नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननवयातील शंभरांपैकी ८ ते १३ स्त्रियांना हा विकार असतो आणि त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते. यांतील पुष्कळजणींना मुले होतात, काहींना औषधाशिवाय होतात, आणि ‘आपल्याला कुठे राहतात दिवस’ या समजुतीवर विसंबून राहिलेल्या काहींना ती अनपेक्षितपणेही होतात.

पत गेलेला साक्षीदार

ज्या स्त्रीची पाळी महिन्याच्या महिन्याला येते तिच्या बाबतीत पाळी चुकणे हा गर्भधारणेचा पहिला आणि पुष्कळसा विश्वासार्ह साक्षीदार असतो. अनियमित पाळीच्या स्त्रीपुढे हाच साक्षीदार इतक्या वेळा खोटे बोललेला असतो की तो खरे बोलतो त्या दिवशी त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. ‘पाळी चुकली म्हणून काय झालं बाई, माही तं नेहमीच चुकते’, असे म्हणून तीन-तीन, चार-चार महिने काढणारी बाई गावात आरोग्याचे काम करणाऱ्या आशाताईंना अपरिचित नसते. दुसऱ्या टोकाला अशीही स्त्री असते, की जी प्रत्येक लांबलेल्या महिन्यात आशेने दिवस मोजते आणि प्रत्येक वेळी निराश होते. एकीला उशीर होतो, दुसरीला मनस्ताप होतो. दोघींची चूक एकच, की त्या पाळीपासून मोजत असतात.

मग इतर लक्षणांचे काय? चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भ राहिल्याची जी चिन्हे सांगितली आहेत त्यांत पाळी न दिसणे, तोंडाला पाणी सुटणे, अन्नावरची वासना उडणे, उलटी, आंबटाची इच्छा, अंग जड होणे यांचा समावेश आहे, आणि आजचा डॉक्टरही या यादीत फारसा फेरफार करणार नाही. परंतु यादी खरी असणे निराळे आणि ती विशिष्ट स्त्रीच्या बाबतीत पुरावा म्हणून टिकणे निराळे.

थकवा घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीसाठी दिवसभर चिखलात वाकून उभ्या राहिलेल्या बाईला संध्याकाळी थकवा येतो, कंबर भरून येते, भूक मरते. त्यात रक्त कमी असेल किंवा हिवतापाची कणकण असेल, तर गरोदरपणाची अर्धी यादी तेथेच पूर्ण होते. मळमळ घ्या. पीसीओडीवर दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनच्या गोळीने, विशेषतः प्रारंभीच्या आठवड्यांत, मळमळ आणि पोटाची कुरकुर होते. स्तन ठणकणे आणि पोट फुगल्यासारखे वाटणे घ्या. पाळी आणण्यासाठी दिलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी हे दोन्ही होते, आणि पाळी जवळ आली असतानाही होते, कारण त्या तिन्ही प्रसंगी, म्हणजे गर्भ, गोळी आणि पाळीपूर्व आठवडा यांत, शरीरावर अंमल एकाच संप्रेरकाचा असतो. थोडेसे रक्त दिसणे घ्या. गर्भ गर्भाशयात रुजताना काहींना एखादा डाग दिसतो हे खरे. पण बीज न सुटता महिनेमहिने जाड होत गेलेले गर्भाशयाचे अस्तरही असेच अधूनमधून डागाडागाने झडत असते. तो डाग पाळी समजून गर्भाकडे दुर्लक्ष होणे, किंवा गर्भाची खूण समजून व्यर्थ आशा लागणे, दोन्ही शक्य आहे.

लक्षणांच्या गर्दीत उपयोगाचे म्हणावे असे एकच सूत्र हाती राहते: जे नेहमीचे आहे ते सोडून द्यावे आणि जे नवीन आहे त्याची नोंद घ्यावी. फोडणीच्या वासाने आजवर कधी न उमळलेले पोट एकाएकी उमळू लागले, स्तनांचा ठणका आठ-दहा दिवसांत न ओसरता वाढतच चालला, रात्री लघवीसाठी दोनदा-तीनदा उठावे लागू लागले, आणि यांपैकी कशाचाही नव्या गोळीशी किंवा आजाराशी मेळ बसत नसेल, तर संशयाला आधार आहे. मात्र संशय म्हणजे खातरजमा नव्हे.

नजरअंदाज, सुधारित, अंतिम

महसूल खात्यात पिकाची पैसेवारी तीन टप्प्यांनी जाहीर होते, हे धानपट्ट्यातील वाचकांना सांगावयास नको. प्रथम नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम. नजरअंदाजावर कोणी अंतिम हिशोब करीत नाही. गर्भाच्या बाबतीत लक्षणे ही नजरअंदाज पैसेवारी होय. सुधारित आकडा लघवीच्या चाचणीने मिळतो आणि अंतिम आकडा सोनोग्राफीने.

लघवीवरून गर्भ ओळखण्याची खटपट फार प्राचीन आहे. इजिप्तमधील सुमारे तेहतीसशे वर्षांपूर्वीच्या एका पपायरसवर अशी रीत लिहिलेली आढळते, की स्त्रीने रोज गहू व जव यांच्या दाण्यांवर लघवी करावी आणि दाणे उगवले तर ती गर्भवती समजावी. १९६३ मध्ये संशोधकांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा सुमारे ७० टक्के वेळा गर्भवतींच्या लघवीने दाणे उगवले. १९२७-२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये अश्हाइम आणि झोंडेक यांनी स्त्रीची लघवी उंदराच्या मादीला टोचून तिच्या बीजकोशात होणारे बदल पाहण्याची पद्धत बसवली. आज तेच काम बोटभर पट्टी करते. आणि आशाताईच्या पिशवीत ती ‘निश्चय’ या नावाने असते. तीन थेंब टाकावेत, पाच मिनिटे थांबावे. एक रेघ उमटली तर गर्भ नाही, दोन उमटल्या तर आहे, दुसरी रेघ फिकट असली तरी ती रेघच आहे, आणि नियंत्रणाची पहिली रेघच उमटली नाही तर पट्टी बाद समजून दुसरी घ्यावी. सांगितलेल्या वेळेनंतर पुष्कळ उशिरा दिसलेली पुसट छटा मात्र हिशोबात धरू नये.

ही पट्टी एचसीजी नावाचे संप्रेरक ओळखते, आणि ते गर्भ गर्भाशयात रुजल्यानंतरच स्रवू लागते. बीज सुटल्यापासून रुजण्यास साधारणतः सहा ते बारा दिवस लागतात. त्यानंतर संप्रेरकाचे प्रमाण दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जाते. अर्थात बीज सुटल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत केलेली चाचणी ‘नाही’ म्हणाली, तर ते ‘नाही’ कच्चे असते. बीज केव्हा सुटले हे अनियमित पाळीच्या स्त्रीला सहसा ठाऊक नसते; बाजारात मिळणाऱ्या बीजमोचनाच्या पट्ट्याही तिला दगा देऊ शकतात, कारण त्या ज्या संप्रेरकाची उसळी शोधतात ते पीसीओडीत एरवीही चढलेले असू शकते. म्हणून तिच्यासाठी सोपा आणि सुरक्षित नियम असा: पाळीची वाट पाहू नये, गर्भनिरोधक न वापरता झालेल्या शेवटच्या संबंधापासून २१ दिवस मोजावेत आणि सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करावी. ‘नाही’ आले आणि तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करावी. बीज पक्व करण्यासाठी एचसीजीचेच इंजेक्शन घेतले असेल तर मात्र दहा ते चौदा दिवस थांबावे, नाहीतर पट्टी गर्भाची नव्हे तर इंजेक्शनचीच वर्दी देईल.

आणि एक नियम त्याहूनही महत्त्वाचा. पाळी आणण्याच्या गोळ्या, मग त्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या असोत, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या असोत, किंवा तीळ-गूळ-काढ्याचा घरगुती उपाय असो, घेण्यापूर्वी प्रथम चाचणी करावी. मोजलेले दिवस चुकलेले असताना ‘महिनाच झाला असेल’ म्हणून गर्भपाताच्या गोळ्या परस्पर घेणे तर जिवावर बेतणारे आहे.

तारखेचा तंटा

समजा, सिंदेवाहीजवळच्या एखाद्या खेड्यातील स्त्रीची शेवटची पाळी १ जुलैला आली. ऑगस्टच्या आरंभी तिने चाचणी केली. ‘नाही’ आले, आणि ते खरेच होते, कारण बीज तोवर सुटलेच नव्हते. ते सुटले २० ऑगस्टला. ३ सप्टेंबरला पुन्हा केलेल्या चाचणीत दोन रेघा उमटल्या. आता शेवटच्या पाळीपासून मोजले तर ती नऊ आठवड्यांची गर्भवती ठरते, आणि नऊ आठवड्यांच्या गर्भाच्या हृदयाचे ठोके सोनोग्राफीत दिसलेच पाहिजेत. पण तिचा गर्भ वस्तुतः चार आठवड्यांच्या मानाचा आहे. पडद्यावर कदाचित काहीच दिसणार नाही. अशा वेळी ‘गर्भाची वाढ खुंटली’ असा निष्कर्ष घाईने निघाला, तर एका धडधाकट गर्भाचा निकाल केवळ कॅलेंडराच्या चुकीने लागायचा. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करणे, आवश्यक तर रक्तातील एचसीजी अठ्ठेचाळीस तासांच्या अंतराने दोनदा मोजणे, हा त्यावरचा उपाय आहे. प्रसूतीच्या तारखेचेही तसेच. शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजण्याची रूढ पद्धत, जी नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाते, ती बीज चौदाव्या दिवशी सुटते असे गृहीत धरून चालते. वरील स्त्रीला त्या पद्धतीने एप्रिलचा पहिला-दुसरा आठवडा सांगितला जाईल, वास्तविक दिवस भरतील ते मेच्या मध्याच्या सुमारास. पाच आठवड्यांच्या या फरकात ‘दिवस उलटून गेले’ म्हणून अकाली कळा आणवल्या जाण्याचे संकट दडलेले असते. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफीने मोजलेली गर्भाची लांबी हाच अशा स्त्रीच्या तारखेचा खरा दाखला होय.

लवकर कळण्याचे मोल

१९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली आणि वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने जगाचे लक्ष या जंगलमुलखाकडे वेधले: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तो अभ्यास मुख्यत्वे दुसऱ्या व्याधींचा होता. तरी त्यातून निघणारा बोध आपल्या विषयालाही लागू आहे. शरीरात चाललेले जे काही आहे ते ‘बाईच्या जातीला असायचेच’ असे मानून अंगावर काढण्याची सवय ही स्वतःच एक व्याधी आहे, आणि अनियमित पाळी हा त्या सवयीचाच एक भाग.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत गर्भ लवकर ओळखण्याला आणखी एक सबळ कारण आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे; पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि याची तपासणी व सल्ला पहिल्या तिमाहीत मिळाला तरच पुढचे निर्णय वेळेवर घेता येतात. त्याखेरीज, बीजकोशाच्या या विकारात गर्भारपणीचा मधुमेह, वाढता रक्तदाब आणि सुरुवातीचा गर्भपात यांचा धोका इतरांहून अधिक असतो. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी होणारी रक्तशर्करेची तपासणी पहिल्याच भेटीत मागून घ्यावी. ती १४० किंवा त्याहून अधिक आली तर उपचार लगेच सुरू होतात. फॉलिक आम्ल दिवस राहण्यापूर्वीच सुरू असणे उत्तम. चेहऱ्यावरील लव आणि मुरुमे यांसाठी दिली जाणारी स्पायरोनोलॅक्टोन, आयसोट्रेटिनॉइन यांसारखी औषधे गर्भाला अपायकारक आहेत. चाचणी होकारार्थी येताच त्याच दिवशी त्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. मेटफॉर्मिन मात्र आपल्या मनाने बंद करू नये आणि चालूही ठेवू नये, तेही विचारूनच.

पोटात एका बाजूला तीव्र वेदना, खांद्यात चमक, घेरी किंवा भरपूर रक्तस्राव, यांपैकी काही झाले तर चाचणी, तारीख आणि हिशोब बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत, रुजला असल्यास तास महत्त्वाचे असतात.

उपकेंद्रात नोंदणी झाली की ताई माता व बाल संरक्षण कार्ड पुढे ओढतात आणि पहिल्या रकान्यांतच विचारतात, ‘शेवटची पाळी कधी आली होती?’ अनियमित पाळीच्या स्त्रीने ती तारीख आठवत असेल तर अवश्य सांगावी, पण एवढ्यावर थांबू नये. ‘माझी पाळी दोन-दोन महिन्यांनी येते, मला पीसीओडी आहे, ही तारीख पक्की धरू नका, सोनोग्राफीने ठरवा’, हे वाक्य न लाजता उच्चारावे आणि ताईंकडून तारखेच्या शेजारी लिहवून घ्यावे. बांधीत उभा असलेला धान पाहून कापणीचा दिवस ठरवणाऱ्यांच्या घरात हे समजावून सांगणे अवघड जाऊ नये, की पऱ्हे कधी टाकले हे विचारून उपयोग नाही. निसवला कधी, ते पाहा.